परसातील कोंबड्या आणि सूर्यफुलाचे बी

शहराबाहेर सरकत गेलेल्या वसाहतींतून, बंगल्यांच्या मागील अंगणांतून आणि शनिवार-रविवारच्या शेतघरांतून चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस आता पुष्कळ ठिकाणी दिसते. कोणी गावरान कोंबड्या आणतो, कोणी गिरिराजा, वनराजा किंवा ग्रामप्रिया यांसारख्या परसातील पालनासाठी विकसित केलेल्या जाती, तर कोणाला काळ्याभोर कडकनाथाचे आकर्षण असते. या हौशी पालकांच्या शंकांमध्ये एक शंका हमखास असते. कोंबड्यांना सूर्यफुलाचे बी द्यावे काय, आणि द्यावे तर किती? त्याचे थोडक्यात उत्तर असे की, अवश्य द्यावे. परंतु खाऊ म्हणून द्यावे, खाद्य म्हणून नव्हे. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि तो न पाळल्यामुळे अंड्यांची कवचे पातळ पडतात, पक्ष्यांच्या यकृतावर चरबी चढते आणि भरपूर खाऊनही कोंबडी आतून उपाशी राहते, असे चित्र अनेक खुराड्यांत आढळते.

सूर्यफुलाचे बी कोंबड्यांपुढे टाकण्याची प्रथा मुळात आपली नव्हे. अमेरिका व युरोपमध्ये हिवाळ्यात रानपक्ष्यांसाठी हे बी अंगणात ठेवण्याचा प्रघात आहे आणि तेथूनच ते घरच्या कोंबड्यांपर्यंत आले. आपल्याकडील परसात ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, दळणातील जाडेभरडे आणि स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे हाच कोंबड्यांचा आहार असे. उरलेले सारे कोंबडी उकिरड्यातून स्वतः शोधून घेई. सूर्यफूल हे पीकच मुळी भारतात नवे. उत्तर अमेरिकेतील स्थानिक लोकांनी सहस्रावधी वर्षांपूर्वी ते लागवडीखाली आणले, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, आणि रशियात त्याला तेलबियांच्या पिकाचे स्वरूप लाभले. तेलाचे प्रमाण अधिक असलेले रशियन वाण १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यानंतर कर्नाटक, आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात हे पीक पसरले. आपल्याकडे लातूर, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि सोलापूर हे जिल्हे त्यासाठी ओळखले जाऊ लागले. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रातून काही वाणही बाहेर पडले. २००५-०६ च्या सुमारास देशात वीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या पिकाखाली होते. पुढे सोयाबीनने मराठवाड्यातील त्याची जागा व्यापली आणि हे क्षेत्र फार घटले. त्यामुळे एकेकाळी मार्केट यार्डातील भुसार दुकानात सहज मिळणारे हे बी आता अनेकांना पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातूनच विकत घ्यावे लागते.

आपण ज्याला बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ आहे. बाहेरचे कठीण टरफल हे त्या फळाचे आवरण आणि आतील मगज हे खरे बी. बाजारात त्याचे दोन प्रकार दिसतात. तेलासाठी लावले जाणारे बी आकाराने लहान, काळे व पातळ टरफलाचे असते. त्यात तेलाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक असते. दुसरे, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचे, मोठे आणि जाड टरफलाचे असते. हे खाण्यासाठी वापरले जाते आणि पोपटाच्या खाद्यातही आढळते. त्यात तेल कमी आणि टरफल पुष्कळ असते. कोंबड्यांसाठी काळे बीच अधिक सोयीचे. पोपट चोचीने टरफल फोडून मगज तेवढा खातो. कोंबडीला ती कला अवगत नाही. ती दाणा टरफलासकट गिळते आणि पुढचे सारे काम पोटावर सोडून देते.

हे काम कसे चालते ते समजून घेतले म्हणजे अर्ध्या शंका मिटतात. गिळलेला दाणा प्रथम गळ्याखालील पिशवीत साठतो, तेथे ओलसर होतो आणि नंतर गिझार्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड स्नायूंच्या जठरात जातो. कोंबडीला दात नाहीत; दळण्याचे काम हे जठर करते आणि त्यासाठी त्याला जात्याच्या दगडांसारखे बारीक खडे लागतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या असे खडे मातीतून स्वतःच टिपतात. परंतु सिमेंटच्या अंगणात, गच्चीवर अथवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला ते मिळत नाहीत आणि मग टरफलाचे दाणे नीट दळले जात नाहीत. अशा ठिकाणी ग्रॅनाइटची बारीक कच किंवा नदीतील जाड वाळू एका वाडग्यात कायम ठेवावी. शिंपल्यांचा चुरा हा याला पर्याय नव्हे, कारण तो पोटातील आम्लात विरघळतो. तो कॅल्शियमसाठी वेगळा ठेवायचा असतो.

मगजाचे पोषणमूल्य उत्तम आहे, यात वाद नाही. टरफलासह संपूर्ण बियांत साधारणतः १५ ते २० टक्के प्रथिने असतात, ई जीवनसत्त्व भरपूर असते, आणि तेलात लिनोलेइक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. हे मेदाम्ल कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. अंड्याचा आकार चांगला राहण्यासाठी ते आहारातून मिळावे लागते. मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या बाबतीत सूर्यफूल पुष्कळ वनस्पतिजन्य पदार्थांपेक्षा सरस आहे. येथपर्यंतचे वर्णन वाचून पालक हुरळून जातात आणि डब्याचे झाकण उघडतात. उणिवांचा तपशील मात्र सहसा कोणी वाचत नाही. या बियांत लायसिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल कमी आहे, टरफलामुळे तंतूंचे प्रमाण अधिक आहे, आणि कॅल्शियम तर जवळजवळ नाहीच म्हणावे इतके अल्प आहे.

एका अंड्याचा हिशेब

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या आहारात कॅल्शियमला जे महत्त्व आहे, ते इतर कोणत्याही पाळीव प्राण्याच्या आहारात क्वचितच असेल. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते बहुतांशी एका रात्रीत जमवायचे असते. म्हणूनच तयार लेयर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेले असते. नियमित अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते असे धरल्यास तिला सुमारे ३.८ ग्रॅम कॅल्शियम मिळते. त्यातील सर्वच शरीरात शोषले जात नाही, म्हणून ही वरकड आवश्यक ठरते.

आता याच कोंबडीला रोज ३० ग्रॅम सूर्यफुलाचे बी, म्हणजे ढोबळमानाने एक मूठ, दिले असे समजू. कोंबडी मुख्यतः ऊर्जेच्या गरजेनुसार खाते. ती गरज भागली की दाण्याच्या भांड्याकडे पाठ फिरवते. तेलाने भरलेल्या या बियांत लेयर खाद्याच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा असते. म्हणजे ३० ग्रॅम बियांनी निदान ४५ ग्रॅम खाद्याची जागा घेतली. उरलेल्या ६५ ग्रॅम खाद्यातून तिला मिळणारे कॅल्शियम २.३ ग्रॅमच्या आसपास येते. शोषणातील घट लक्षात घेता एवढ्यात दोन ग्रॅमचे कवच घडणे शक्य नसते. मग काही दिवस ती हाडांतील साठा उपसून अंडे पुरे करते. पालकाला या काळात काहीच कळत नाही. उलट कोंबडी तुकतुकीत दिसते, हातावर येऊन बी टिपते आणि सर्व काही उत्तम चालले आहे असे वाटते. नंतर अंड्यांची कवचे खरखरीत व पातळ होतात, एखादे अंडे कवचावाचून नुसत्या पापुद्र्यात पडते, घरट्यात फुटलेले अंडे खाण्याची वाईट सवय कोंबड्यांना लागते, आणि अखेरीस पाय लुळे पडू लागतात. त्या सुमारास दोष सहसा हवामानावर किंवा कोंबडीच्या जातीवर ढकलला जातो.

हीच गोष्ट चरबीची. अतिरिक्त ऊर्जा यकृतात साठत जाते, यकृत पिवळट व ठिसूळ होते आणि एखाद्या उष्ण दिवशी, अंडे देण्याच्या श्रमात, आतल्या आत रक्तस्राव होऊन कोंबडी अचानक मरते. पशुवैद्यकात हा विकार चांगला परिचित आहे. तो विशेषतः फिरण्यास जागा नसलेल्या, भरपूर खाणाऱ्या आणि भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्यांना होतो. शहरातील हौशी पालकाची लाडावलेली कोंबडी नेमकी याच वर्णनात बसते. खेड्यातील गावरान कोंबडी दिवसभर उकरते, किडे-मुंग्या, वाळवी आणि हिरवा पाला खाते, वर्षाकाठी अंडीही मोजकीच देते. तिला मूठभर बी पचून जाते, म्हणून शहरातील कोंबडीलाही पचेल, हा तर्क चुकीचा आहे.

तेव्हा प्रमाण कोणते? मुख्य खाद्याव्यतिरिक्त जे काही दिले जाते, म्हणजे बी, कणी, फळांच्या साली, उरलेला भात वगैरे, ते सर्व मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक असू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. याचा अर्थ एका कोंबडीला सर्व खाऊ मिळून सुमारे दहा-अकरा ग्रॅम. काळे बी वजनाला हलके असते. सहा कोंबड्यांना मिळून स्वयंपाकघरातील एक लहान वाटी हे एका दिवसाचे कमाल माप समजावे, आणि त्या दिवशी दुसरा खाऊ देऊ नये. आठवड्यातून तीन-चार दिवस दिले तरी पुष्कळ झाले. बी खाद्यात मिसळून मुळीच ठेवू नये. कोंबड्या चोखंदळ असतात. बी तेवढे वेचतात आणि पिठासारखे खाद्य पायांनी उधळून टाकतात. सकाळी खाद्य खाऊन झाल्यावर, दुपारनंतर, बी पालापाचोळ्यात विखरून टाकावे. उकरण्यात त्यांचा वेळ जातो आणि एकमेकींची पिसे उपटण्याची खोड कमी होते. संध्याकाळी खुराड्यात परत बोलावण्यासाठीही या बियांसारखे आमिष नाही. वाटी खडखडवली की दूर गेलेली कोंबडीदेखील धावत येते.

पिलांना मात्र घाई करू नये. दोन महिन्यांपर्यंत त्यांना चिक खाद्यच द्यावे. त्यानंतर सोललेला व भरडलेला मगज थोडा थोडा चालतो. टरफलासह दाणा तलंगा मोठ्या झाल्यावर, खड्यांची सोय असेल तरच द्यावा.

पिसे गळण्याच्या काळात या बियांचा खरा उपयोग होतो. दिवस लहान होऊ लागले की एक वर्ष पूर्ण झालेल्या कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी धारण करतात, आणि या काळात अंडी देणे बहुधा थांबते. पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचे बनलेले असते आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लांचा वाटा मोठा असतो. सूर्यफुलातील मेथिओनिन येथे कामी येते. कवचासाठी कॅल्शियमची ओढही त्या वेळी नसते. लायसिनची उणीव भरून काढण्यासाठी सोबत सोयाबीनची पेंड किंवा सुकटीचा थोडा चुरा द्यावा. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच थोड्या वेळासाठी उठते; तिलाही थोडक्यात अधिक ऊर्जा देणारा हा दाणा उपयोगी पडतो.

उन्हाळ्याबाबत आपल्याकडे एक समज रूढ आहे. तेलबिया ‘उष्ण’, म्हणून त्या वैशाखात देऊ नयेत, असे सांगितले जाते. शरीरशास्त्र वेगळेच सांगते. अन्न पचवताना शरीरात जी उष्णता निर्माण होते ती प्रथिने व पिष्टमय पदार्थांच्या मानाने स्निग्ध पदार्थांची कमी असते, आणि म्हणूनच व्यावसायिक कुक्कुटपालनात उन्हाळी खाद्यात तेल घालतात. तरीही नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात बियांचे प्रमाण कमी करावे हा सल्ला योग्यच ठरतो. मात्र त्याचे कारण निराळे आहे. उन्हात कोंबड्यांचे खाणे आधीच घटलेले असते. जे थोडे पोटात जाणार आहे ते कॅल्शियम व प्रथिनांनी परिपूर्ण असलेच पाहिजे. तेथे खाऊला जागा उरत नाही.

या बियांमुळे अंड्याचा बलक गडद केशरी होतो, ही कल्पनाही निराधार आहे. बलकाचा रंग हिरवा पाला, पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्या यांतील रंगद्रव्यांतून येतो. मेथीच्या काड्या आणि शेवग्याचा पाला या कामी अधिक गुणकारी आहेत, आणि बहुधा फुकटही.

कोणते बी मुळीच देऊ नये

येथे एका गंभीर धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कृषी सेवा केंद्रात पेरणीसाठी मिळणारे सूर्यफुलाचे बियाणे कोंबड्यांना कदापि देऊ नये. त्यावर थायरमसारखी बुरशीनाशके आणि रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके चोळलेली असतात. असे बियाणे ओळखू यावे म्हणून त्याला लाल, हिरवा किंवा निळा रंग दिलेला असतो आणि पिशवीवर विषारी असल्याची सूचना छापलेली असते. थायरममुळे कोंबड्यांत मऊ कवचाची अंडी पडतात व वाढत्या पिलांच्या पायांच्या हाडांत विकृती येते, हे सिद्ध झालेले आहे. पेरणीनंतर उरलेली पिशवी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून खुराड्याकडे वळते, हा काटकसरीचा मोह टाळलाच पाहिजे. धुऊन घेतल्याने हे बियाणे सुरक्षित होत नाही. शिवाय ती अंडी घरातलीच माणसे खातात.

भाजलेले, खारवलेले, मसाला लावलेले बी माणसांसाठी आहे. कोंबड्यांना एवढे मीठ सोसत नाही. सुकामेव्याच्या दुकानातील सोललेला, बिनमिठाचा मगज चालतो, परंतु तो महाग पडतो आणि टरफल गेल्यामुळे लवकर खवट होतो.

बुरशीचा प्रश्न कोकणात आणि मुंबईत विशेष तीव्र. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचे विष त्याला कारण असल्याचे आढळले आणि अफ्लाटॉक्सिन हे नाव रूढ झाले. भुईमूग व मका यांच्या मानाने सूर्यफुलाची ख्याती या बाबतीत बरी असली, तरी ओलसर साठवणीत त्याच्यावरही ही बुरशी वाढते. बियांतील ओलावा आठ-नऊ टक्क्यांपेक्षा कमी असावा. घरच्या घरी ते मोजता येत नसले, तरी दाणा दाबल्यावर टरफल कडक वाजून फुटले पाहिजे. नुसते दबले तर तो ओला समजावा. पावसाळ्यापूर्वी वर्षभराचे पोते भरून ठेवण्यापेक्षा महिन्यापुरतेच बी आणून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. कुबट वास, दाण्यांना चिकटलेली जाळी, करडी-हिरवी भुकटी यांपैकी काहीही दिसल्यास सर्वच्या सर्व फेकून द्यावे. वाईट दाणे निवडून चांगले ठेवण्यात अर्थ नाही, कारण बुरशी दिसेनाशी झाली तरी तिचे विष मागे राहते.

डबा पत्र्याचाच हवा, याला दुसरेही कारण आहे. सूर्यफुलाच्या वासाने उंदीर-घुशी येतात, आणि सांडलेल्या दाण्यांवर कावळे, कबुतरे, साळुंक्या जमतात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यातही हा रोग आढळला. रानपक्षी व पाळीव पक्षी एकाच ठिकाणी दाणे टिपू लागले, तर रोगाला वाट मोकळी होते. म्हणून बी विखरून टाकायचे ते जाळीने वरून झाकलेल्या जागेत, आणि अर्ध्या तासात संपेल एवढेच. रात्री जमिनीवर दाणा उरता कामा नये.

सूर्यफुलाच्या पेंडीबद्दलही विचारणा होते. तेल काढून उरलेल्या पेंडीत प्रथिने बियांपेक्षा अधिक असतात आणि खाद्य कारखाने ती लेयर खाद्यात वापरतातही. परंतु टरफलासह काढलेल्या पेंडीत तंतू फार असतात आणि लायसिनची उणीव कायम असते. तिचे गणित सोयाबीन, मका व खनिज मिश्रण यांच्या जोडीनेच जमते. चार कोंबड्यांसाठी घरी हा खटाटोप करण्यात हशील नाही.

ज्यांच्याकडे थोडी मोकळी जमीन किंवा मोठी कुंडी आहे, त्यांनी दोन-चार झाडे स्वतः लावून पाहावीत. सूर्यफूल दिवसाच्या लांबीवर फारसे अवलंबून नसल्याने ते खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत येते आणि साधारण तीन महिन्यांत तयार होते. पेरणीसाठी रसायने न चोळलेले बी घ्यावे. कळी कोवळी असताना सूर्यामागे फिरते, पूर्ण उमललेले फूल मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिर होते. दाणे भरण्यासाठी मधमाश्यांची ये-जा हवी, म्हणून फुलोऱ्यात कोणतीही फवारणी करू नये. दाणे भरू लागताच पोपट हजर होतात. त्यांच्यापुढे बुजगावण्याचा उपाय चालत नाही, फुलावर पातळ कापड बांधणेच बरे. फुलाची मागील बाजू पिवळी पडून तपकिरी होऊ लागली की ते देठासह कापावे आणि सावलीत, वारा लागेल असे उलटे टांगून चांगले वाळवावे. मग अख्खे फूल कोंबड्यांच्या मानेच्या उंचीवर सुतळीने बांधून ठेवावे. एकेक दाणा उपसून काढण्यास त्यांना वेळ लागतो, उड्या माराव्या लागतात, आणि वाटीभर बी दोन मिनिटांत फस्त होण्याऐवजी दुपारभर पुरते. फूल रिकामे झाले की त्याची चकती त्याच दिवशी काढून खतात टाकावी. ओलसर राहिल्यास तिच्यावर बुरशी येते.